घर ते पाझर तलाव

प्रवासवर्णन म्हटले की वाचकांच्या डोळ्यांपुढे काशी-रामेश्वर, काश्मीर, निदान महाबळेश्वर तरी उभे राहते. मी ज्या प्रवासाबद्दल लिहिणार आहे, त्याला तिकीट लागत नाही, वळकटी बांधावी लागत नाही आणि बरोबर दशम्याही घ्याव्या लागत नाहीत. तो आहे माझ्या घरापासून गावच्या पाझर तलावापर्यंतचा. जायला पाऊण कोस आणि यायला पाऊण कोस. आमचे गाव पुरंदर तालुक्यात, सासवडच्या खालच्या अंगाला, कऱ्हेच्या काठी. नैर्ऋत्येला पुरंदर आणि वज्रगड खांद्याला खांदा लावून उभे आहेत, उत्तरेला सोनोरीचा मल्हारगड आणि खाली जेजुरी. हे सगळे मी लहानपणापासून पाहत आलो. पण पायी चालत, सावकाश, असे पाहायला पन्नाशी उलटावी लागली.

कारण सांगण्यासारखे नाही, पण सांगतो. दोन वर्षांपूर्वी रक्त तपासले तेव्हा साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, "साहेब, रोज चाळीस मिनिटे चाला." मी म्हणालो, "अहो, माझी नोकरीच फिरतीची आहे." ते हसले आणि म्हणाले, "फिरती गाडीवरची ना? ती गाडीच्या प्रकृतीला चांगली."

बोलणे झोंबले, कारण ते खरे होते. मी १९९४ साली कृषी खात्यात लागलो. तेव्हापासून फटफटीवर बसलो तो बसलोच. माझ्या मंडळात कोणत्या गावी ज्वारीचा पेरा किती, हे मला झोपेतून उठवून विचारा, हेक्टरात सांगेन. पण आपल्याच ओढ्याच्या काठी कोणते झाड वठले आणि कोणते नवे उगवले, हे सांगता आले नसते. रस्त्यावरून जाताना शेत दिसते, बांध दिसत नाही.

पहिल्या दिवशी मारुतीच्या देवळापाशी पोहोचेपर्यंत तिघांनी विचारले, "काय साहेब, गाडी बिघडली जणू?" चौथे भेटले ते आमचे शेजारी तात्या. त्यांनी गाडीचे नाव काढले नाही. जवळ येऊन हळूच म्हणाले, "घरात काय वादावादी न्हाई ना?" गावात बिनकामाचा माणूस सकाळी सहाला चालायला निघाला, म्हणजे काहीतरी बिनसले असणार, असाच हिशेब असतो. आठवडाभराने लोकांना सवय झाली, आणि मला बांधाची.

चालायला आश्विनासारखा महिना नाही. पावसाळ्यात आमच्या काळ्या रानात पाय टाकला की शेर-दोन शेर चिखल बुटाला येतो, आणि चैत्रानंतर माळावर सावली मिळत नाही. हस्ताचा पाऊस सरता सरता आणि चित्रा लागता लागता जे पंधरा-वीस दिवस मिळतात, त्यांची गोष्ट वेगळी. दुपारी ऊन भाजून काढते. आभाळ मोकळे झालेले असते, जमिनीत ओल असते, म्हणून ऑक्टोबरचा हा उकाडा घामाघूम करतो. पण पहाटे मात्र गवतावर दहिवर पडलेले. ओढा ओलांडेपर्यंत धोतर असो की विजार, गुडघ्यापर्यंत भिजून जाते. ओढ्याला अजून पाणी असते आणि ते नितळ असते. आषाढातले गढूळ पाणी आणि हे आश्विनातले पाणी एकाच ओढ्याचे आहे, हे पटत नाही. काठाला तेरडा संपत आलेला, त्याच्या बोंडांना बोट लावले की फटकन फुटून बी उडते. माळावर चढताना सोनकीची पिवळी फुले, बाजरी निघालेल्या रानात कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे, आणि जिथे काहीच येत नाही अशा मुरमाड जागी तरवड फुललेला.

आणि कुसळ! माळावरचे गवत पिकले की त्याची कुसळे अशी काही कपड्यांत घुसतात की घरी गेल्यावर अर्धा तास तेच काम. शेतकरी मंडळींना मी दर वर्षी सांगतो की गवत फुलोऱ्यात असतानाच कापा, तेव्हाच त्यात कस असतो, कुसळ धरले की जनावराच्या तोंडाला जखमा होतात आणि पौष्टिकपणाही जातो. दर वर्षी ते मान डोलावतात आणि दर वर्षी गवत दिवाळीनंतरच कापले जाते. पूर्वी मला राग यायचा. आता चालू लागल्यापासून दिसते की त्या दिवसांत बाजरीची कापणी, ज्वारीची पेरणी, घेवड्याची तोडणी आणि सीताफळाचा बाजार हे सगळे एकाच वेळी अंगावर आलेले असते. गवताला हात लावायला माणूसच शिल्लक राहत नाही. कागदावरच्या वेळापत्रकात ही गर्दी दिसत नव्हती.

सीताफळाचे नाव निघालेच आहे. आमचा तालुका अंजीर आणि सीताफळ यांच्यासाठी सगळीकडे ओळखला जातो. पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, जाधववाडीला ह्या दोन फळांचे संशोधन केंद्र आहे. पण मोठ्या बागांपेक्षा मला बांधावरची, कुणी न लावलेली सीताफळे पाहायला आवडते. फळाचे डोळे उघडले, खाचांत पिवळसर पांढरी झाक आली, की काढायचे. एक दिवस उशीर केला तर पाखरू काढते. ह्या फुलाचे परागीभवन मधमाशी करत नाही, चिमुकले भुंगेरे करतात, आणि ते भुंगेरे कुजलेल्या पालापाचोळ्यात आणि सडक्या फळांत वाढतात. अगदी झाडून-पुसून स्वच्छ ठेवलेल्या बागेपेक्षा पाचोळा पडलेल्या बांधावरच्या झाडाला कधी कधी जास्त फळ दिसते, ते उगीच नाही. हे मी पदवी घेताना शिकलो होतो. तीस वर्षे विसरलो होतो.

सौभाग्यवतींनाही चालायची हौस होती, पण सुरुवातीला त्या येईनात. म्हणाल्या, "बाया चारा आणायला चालतात, पाण्याला चालतात, सरपणाला चालतात. नुसतं चालायला निघालेली बाई गावानं कधी बघितलीय का?" ह्यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. शेवटी ओटीत विळा घेऊन त्या निघाल्या, म्हणजे कुणी विचारले तर काम दाखवता यावे. आणि मग मला समजले की मी ज्याला 'तण' म्हणतो त्याचे अर्धे नाव 'भाजी' आहे. ही घोळ, हा तांदुळजा, ही पाथरी नुकती वर येतेय, ती ज्वारी वीतभर झाली की खुडायची. कुर्डूचा कोवळा पाला तर श्रावणातच होऊन गेला म्हणून त्यांनी हळहळ केली. तणनाशकांच्या प्रचारसभांत मी हीच नावे फळ्यावर लिहून त्यांच्यावर काट मारत आलो. घरी रोज जेवायला वाढणाऱ्या बाईने हे कधी ऐकले नव्हते म्हणून निभावले.

आश्विनातली खरी शोभा मात्र पेरणीची. रब्बीची ज्वारी पाऊस पडून गेल्यावर पेरायची असते, हे शहरातल्या माणसाला सांगितले तर त्याचा विश्वास बसत नाही. जमिनीने पावसाळाभर पिऊन ठेवलेल्या ओलीवर ते पीक येते. आमचे जुने लोक म्हणतात, ज्वारी दहिवरावर पिकते. शास्त्राप्रमाणे ती मुळाखालच्या ओलीवर पिकते, पण दहिवराच्या दिवसांत ती डोलते हेही खोटे नाही. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरली तर ठीक. फार लवकर पेरली तर खोडमाशी, उशीर झाला तर ओल निघून जाते. पूर्वी ह्या दिवसांत पहाटे पाभरीचा आणि बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज यायचा. आता ट्रॅक्टर येतो आणि तासाभरात एकर उरकून जातो. गावात बैलजोड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या आहेत. एके दिवशी सकाळी ओढ्यापलीकडे एक म्हातारा चाड्यावर मूठ धरून पेरताना दिसला, त्याची सून पुढे बैल हाकत होती. मी उभा राहून पाहत राहिलो. त्याने पाभर थांबवून विचारले, "काय चुकलं का साहेब?" मी म्हणालो, काही नाही, बघतोय. त्याला ते पटले नसावे. त्याने दोनदा मागे वळून पाहिले.

नवरात्रात घरोघर घट बसतात. पत्रावळीवर शेतातली माती, तिच्यात पाच-सात धान्ये, मध्ये घट, वर रोज एक माळ. आमच्याकडे पहिली माळ कारळ्याच्या फुलांची, पुढे तरवड, झेंडू. आमची आई मातीत ज्वारी पेरते ती घरच्या, यंदा पेरायच्या बियाण्यातली. चौथ्या दिवशी ती घटाकडे पाहून म्हणाली, "औंदा बी हलकं हाय." मी गोणपाटाचा ओला तुकडा घेऊन शंभर दाणे मोजून गुंडाळून ठेवले. ज्वारीच्या शंभर दाण्यांतले पंचाहत्तर तरी उगवले पाहिजेत. आमचे एकसष्ट निघाले. म्हातारीने घटाकडे नुसते पाहून सांगितले होते. धाकट्या भावाने तेवढ्यावर पेरणी दोन दिवस थांबवून बियाणे बदलले, म्हणून यंदाची ज्वारी सारखी उगवली.

आता त्या बांधाबद्दल लिहितो, ज्याच्यामुळे मी लिहायला बसलो.

आमच्या रानाच्या उत्तरेला एक जुना बांध आहे. त्याच्यावर एक मोठी बोर, दोन सीताफळाची झाडे, तरवडाची दाटी, एक हिवर आणि खाली घाणेरी माजलेली. त्याला लागून तात्यांचे रान. नोकरी लागल्यावर चार-पाच वर्षांनी मी आमच्याच गावात बैठक घेतली होती. विषय होता बांधांची स्वच्छता. बांधावरचे गवत आणि झुडपे हे किडींचे माहेरघर, तिथे कीड उन्हाळा काढते आणि पिकावर येते, म्हणून बांध स्वच्छ ठेवा, असे मी पोटतिडकीने सांगितले. त्यात खोटे काही नव्हते. पण त्याच झुडपांत त्या किडी खाणारे ढालकिडे, कुंभारीण माश्या आणि पाखरेही राहतात, हे मी पुरेसे सांगितले नाही. तात्यांनी ऐकले. साहेब आपल्याच गावचा, शिकलेला, खोटे कशाला सांगेल? त्यांनी आपल्या बाजूचे सगळे बांध कुऱ्हाडीने आणि पुढे यंत्राने साफ केले. लोक कौतुकाने म्हणत, तात्यांचे रान कसे आरशासारखे दिसते.

मी आमचाही बांध साफ करायला निघालो होतो. आई बोरीखाली जाऊन बसली. म्हणाली, "आधी मला तोड."

तिचे कारण १९७२ चे होते. मी तेव्हा दोन वर्षांचा. विहिरी आटल्या, जनावरे विकली, आणि आमचा पाझर तलाव दुष्काळी कामावर बांधायला निघाला. आई खडी फोडायला जायची, नंतर पाटीने माती वाहायची. मला बोरीच्या सावलीला फडक्यावर निजवायची आणि थोरली आत्या लक्ष ठेवायची. कामावर सुकडी मिळे, रेशनवर लाल मिलो. त्या मिलोच्या भाकरीबरोबर खायला आदल्या सालच्या वाळवलेल्या बोरांचे बोरकूट होते. सगळे शिवार करपले होते, तेव्हा ही बोर हिरवी होती. तिची मुळे फार खोल जातात, म्हणून. आई मुळांचे बोलत नाही. ती म्हणते, "तिनं तुला धरला." एवढे ऐकल्यावर मी कुऱ्हाड घेऊन घरी आलो. मनातून मात्र वाटले, अडाणीपणा आहे.

२०१९ साली सप्टेंबरची २५ तारीख. त्या रात्री पुरंदरात असा पाऊस झाला की कऱ्हेला कधी न पाहिलेला पूर आला. खाली बारामतीपर्यंत लोकांना घरे सोडावी लागली. आमच्या तालुक्यात माणसे गेली, जनावरे वाहून गेली. सकाळी आम्ही रानात गेलो. तात्यांचे तीन बांध फुटले होते आणि वरच्या दोन वाफ्यांतली हातभर माती ओढ्याला मिळाली होती. खालचा पांढरा मुरूम उघडा पडलेला. आमचाही बांध एका जागी फुटला, खेकड्यांनी पोखरला होता तिथे. पण बोर आणि तरवड होता तेवढा टिकला. तात्या मला काही बोलले नाहीत. पुढेही कधी बोलले नाहीत. त्या दिवशी मुरमावर उकिडवे बसून ते हाताने खडे बाजूला करत होते, जणू खाली माती सापडणार आहे. मी शेजारी उभा होतो. पंचनामा लिहायला आलेला अधिकारी मीच होतो.

आमच्याच तालुक्यातल्या खानवडीशी ज्यांच्या घराण्याचे नाते, त्या महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ साली लिहिला. पावसाने डोंगरउतारावरची कसदार माती वाहून जाते, म्हणून जागोजाग ताली आणि बंधारे घाला, पाणी शिवारातच मुरू द्या, हे त्यात सांगितलेले आहे. आम्ही ते पुस्तक जयंतीला हारासकट मांडून ठेवतो.

गेल्या काही वर्षांपासून मी शेतकऱ्यांना पक्षीथांबे लावायला सांगतो. इंग्रजी टी अक्षरासारख्या काठ्या रानात रोवायच्या, म्हणजे कोतवाल, वेडा राघू येऊन बसतात आणि अळ्या टिपतात. २०१८ साली अमेरिकन लष्करी अळी आपल्या राज्यात आली, तेव्हापासून तर हा सल्ला हमखास. झाडे तोडा म्हणून सांगणाराही मी आणि पाखरांना बसायला काठ्या रोवा म्हणून सांगणाराही मीच. फिरताना एकदा पाहिले, तात्यांच्या रानातल्या माझ्या काठीवर कोतवाल बसला होता. तिथून उडून तो आमच्या बोरीवर गेला आणि तिथेच रमला.

यंदा धाकट्या भावाने विषय काढला. त्याला बांधाच्या कडेने सीताफळाची एक ओळ वाढवायची आहे आणि ठिबकची नळी सरळ न्यायची आहे. यंत्र शेजारच्या वाडीत आलेच होते. म्हणाला, "दादा, आपल्याला जमीन किती? दोघांत पावणेतीन एकर. त्या बांधानं दोन तासं खाल्ल्यात. सावलीत ज्वारी पिवळी पडती." मी फुले, पाखरे, माती, सगळे सांगितले. तो खाली मान घालून ऐकत होता. मग म्हणाला, "तुम्हाला महिन्याला पगार येतोय, दादा."

हे वाक्य मी दोन दिवस बरोबर घेऊन चाललो. तो खोटे बोलला नव्हता. ज्याचे पोट रानावर आहे त्याला मी पहाटे फिरून आल्यावर बांधाची शोभा सांगावी, हे माझे मलाच बरे वाटेना. तिसऱ्या दिवशी त्याला म्हणालो, चल, मोजून बघू. टेप घेऊन आम्ही दोघे गेलो. सावलीने बाधलेली पट्टी तीस मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद भरली. एकरी चार-साडेचार क्विंटल ज्वारी धरली तर तेवढ्या जागेत सात-आठ किलो पिकावी, आणि सगळीच काही बुडत नाही. भाऊ म्हणाला, "आन् पाखरं खात्यात ती?" मी म्हणालो, ती धरली तर आणखी काही. आम्ही दोघेही बोरीखाली उभे होतो. बोरीला आश्विनात फुलोरा येतो. फुले इतकी बारीक आणि हिरवट की दुरून कळतही नाहीत, पण झाड नुसते घोंघावत होते. मधमाश्या, फुलमाश्या, आणखी कितीतरी. भाऊ बराच वेळ वर पाहत राहिला. मग म्हणाला, "घाणेरी काढायलाच पायजे."

घाणेरीबद्दल माझे काहीच म्हणणे नव्हते. यंत्र न लावता आम्ही दोघांनी कुदळीने ती काढली, दोन दिवस लागले. माझ्या हाताला फोड आले, आणि डॉक्टरांना सांगायला एक गोष्ट मिळाली. बोर, हिवर आणि तरवड राहिला. बांधाच्या मोकळ्या जागेत सीताफळाची रोपे लावायची की तो पूर्वीचा विचार करायचा, हे भावाने ठरवलेले नाही. "पुढच्या सालाला बघू," म्हणतो. पुढच्या सालीही तो मोजायला बोलावील असे दिसते.

घाणेरी काढताना तात्या पलीकडच्या बाजूने येऊन उभे राहिले. थोड्या वेळाने त्यांनी तरवडाच्या वाळलेल्या शेंगा ओंजळभर तोडल्या आणि पंचाच्या टोकाला बांधल्या. काही न बोलता निघून गेले. परवा पाहिले, त्यांच्या फुटलेल्या आणि पुन्हा घातलेल्या बांधावर काठीने टोकरून ओळीने खड्डे केलेले आहेत.

दसऱ्याच्या दिवशी सकाळी चास दिसावा म्हणतात. मला तो तारेवर बसलेला दिसला, उडाला तेव्हा पंखांचा निळा रंग चमकला. सोन्यासाठी आपट्याच्या फांद्याच्या फांद्या ओरबाडून नेतात, ते पाहून जीव तुटतो. बाजारात आपटा म्हणून विकली जाते ती पुष्कळदा कांचनाची पाने असतात, एवढेच आपट्याचे नशीब. रात्री जेवून मी पुन्हा माळावर गेलो. जेजुरीच्या बाजूला दारूकामाचा उजेड दिसत होता. मध्यरात्रीनंतर गडावरची आणि कडेपठारची अशा दोन पालख्या तिथे डोंगरातल्या रमण्यात भेटतात. सकाळी गडावर पानसे सरदारांनी वाहिलेला सुमारे ४२ किलोंचा खंडा उचलायची स्पर्धा होते. तरुणपणी मीही एकदा रांगेत उभा होतो. जमिनीपासून वीतभर उचलला असेल. आता ते कुणाला सांगत नाही.

कोजागिरीला आमच्याकडे थोरल्या मुलाला ओवाळतात. घरातला थोरला मी. पंचावन्न वर्षांच्या, साखर असलेल्या मुलाला आईने पाटावर बसवून ओवाळले आणि दुधाचा पेला पुढे केला. सौभाग्यवतींनी तो अर्धा ओतून घेतला. चांदणे इतके होते की अंगणात ज्वारीचे दाणे निवडता आले असते.

आईचे वय शहात्तर-सत्त्याहत्तर असेल, तारीख कुणी लिहून ठेवली नाही. मागच्या आश्विनात ती माझ्याबरोबर तलावाच्या भरावापर्यंत आली होती. तिथे बसून तिने बोटाने दाखवले होते, ह्या अंगाची माती आमच्या टोळीची, त्या अंगाची वरच्या आळीची. यंदा ती ओढ्यापर्यंतच आली. ओढ्यातल्या दगडावर पाय टाकायला धीर होईना. मी म्हणालो, पाठीवर घेतो. ती म्हणाली, "लोक काय म्हंतील, साहेबाच्या पाठीवर म्हातारी." मग ती काठावरच्या चिंचेखाली बसली आणि म्हणाली, "तू जाऊन ये. मी हाय हितं."

आता रोजचा शिरस्ता असा झाला आहे की मी तलावापर्यंत जाऊन येतो आणि ती चिंचेखाली किंवा घराच्या ओट्यावर वाट पाहते. तलावात पाणी कुठवर आहे, हे तिला दगडाच्या खुणेवरून सांगावे लागते, फुटांत सांगून चालत नाही. परीट पाखरे आली का, तीही ती विचारते. शेपटी हलवीत पाण्याच्या कडेने पळणारी ही पाखरे थंडीच्या आधी उत्तरेकडून येतात, ती आली म्हणजे पाऊस गेला अशी तिची खूण. बोरीला फुलोरा किती, हिवर कसा आहे, तात्या रानात होते का, हे सगळे तिला क्रमाने लागते. मी एखादी गोष्ट गाळली तर लगेच ओळखते. "त्या वाटंनं गेलाच न्हाईस आज," म्हणते. आणि खरेच त्या दिवशी मी उशीर झाला म्हणून जवळच्या वाटेने आलेलो असतो.

बोलता बोलता ती माझी विजार पुढे ओढते आणि कुसळे काढू लागते. डोळ्यांना आता बारीक दिसत नाही, ती बोटांनी चाचपून काढते. काढलेले प्रत्येक कुसळ ओट्याच्या कडेला एकाशेजारी एक मांडून ठेवते. काल सत्तावीस निघाली. आज सकाळी माळावरून गेलो होतो, तरी एकोणीसच निघाली. "गवत कापाया लागलं वाटतं," आई म्हणाली. खरेच, वरच्या आळीच्या लोकांनी कालपासून माळाला विळा लावला आहे.